अंगाबेताचा वारसा

११ नोव्हेंबर २०१८. माजी सैनिकांच्या सन्मानाचा दिवस साधून अमेरिकी लष्कराने एक घोषणा केली. सैनिक कचेरीत आणि समारंभात घालतात तो निळा गणवेश यापुढे खास प्रसंगांपुरता राहील आणि एरवीसाठी दुसऱ्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या पोशाखावर बेतलेला हिरवा गणवेश येईल. गडद हिरवा कोट, कमरेला पट्टा, आत बदामी शर्ट, खाली फिकट करडी-तपकिरी पँट. स्त्रियांना पँट किंवा स्कर्ट, हवं ते. महायुद्धातल्या मूळ पोशाखातल्या फिकट पँटला गुलाबीसर झाक होती, म्हणून त्या जोडीला सैनिक ‘पिंक्स अँड ग्रीन्स’ म्हणायचे. १ ऑक्टोबर २०२७ पासून हा नवा-जुना गणवेश लष्करातल्या प्रत्येकाला सक्तीचा होणार आहे.

यामागचा हेतू लपलेला नव्हता. ज्या पिढीने युरोपात आणि पॅसिफिकमध्ये युद्ध जिंकलं, तिची ओळख आजच्या सैनिकाच्या अंगावर दिसावी. लष्करातल्या बिगर-अधिकारी सैनिकांपैकी सर्वांत ज्येष्ठ असलेले तेव्हाचे सार्जंट मेजर डॅनियल डेली यांनी ही कल्पना लावून धरली. डिसेंबर २०१७ मध्ये लष्कर आणि नौदल यांच्या अकादम्यांचा फुटबॉल सामना झाला, तिथे लोकांनी या पोशाखाचे नमुने पाहिले. एक बदल मात्र पहिल्यापासून मोठा होता. जुने ‘पिंक्स अँड ग्रीन्स’ फक्त अधिकाऱ्यांचे होते, नवा कोट काल भरती झालेल्या शिपायापासून जनरलपर्यंत सगळ्यांचा आहे. आणि या सगळ्यांत स्त्रियाही आहेत.

जुना गणवेश परत आणणं हा वरवर शिंप्याचा आणि भांडारातला प्रश्न वाटतो, पण तो वारशाचा प्रश्न आहे. महायुद्धातला कोट आज एखाद्या स्त्री सैनिकाच्या अंगावर चढतो तेव्हा ती नेमका कोणाचा वारसा घालते? तो कोट ज्या छायाचित्रांतून आपल्या डोळ्यांपुढे आहे, त्यांत जनरल आयझेनहावर आहेत, जनरल मार्शल आहेत. तिची आजी त्या युद्धात असलीच तर ती दुसऱ्या कापाच्या कोटात होती, आणि काही काळ तर लष्करात गणलीही जात नव्हती. ज्या भूतकाळाने एखाद्याला मोजलंच नाही, त्या भूतकाळाचा वारस त्याला होता येतं का? धर्मपरंपरांना हा प्रश्न फार जुना आहे. लष्कराला तो आता कोटाच्या रूपाने भेटला आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, रणांगणावर उभं राहूनच, देहाला वस्त्राची उपमा दिलेली आहे: माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा आत्मा देह टाकतो आणि नवे घेतो. गणवेशाच्या बाबतीत हे उलटं होतं. वस्त्र टिकून राहतं, आतले देह बदलत जातात. पिढ्या येतात आणि जातात, कोट तोच. लष्कराला हवं असतं ते हेच सातत्य. पण आतला देह स्त्रीचा झाला की वस्त्रालाही ‘तोच’ राहता येत नाही. खांदा अरुंद करावा लागतो, छातीला टक्स द्यावे लागतात किंवा प्रिन्सेस कट घ्यावा लागतो, कंबर आणि नितंब यांच्यातल्या फरकाचा हिशेब मांडावा लागतो. परंपरेला तिथे पहिल्यांदा माप घ्यावं लागतं.

१९४२ साली हे माप नीट घेतलं गेलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्सच्या खासदार एडिथ नॉर्स रॉजर्स यांनी मांडलेल्या विधेयकावर १५ मे १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली आणि स्त्रियांचं साहाय्यक दल उभं राहिलं. प्रमुख झाल्या टेक्सासच्या ओव्हेटा कल्प हॉबी. ‘साहाय्यक’ या शब्दाचा अर्थ काटेकोर होता: दल लष्करासोबत काम करील, पण लष्कराचा भाग असणार नाही. जुलैमध्ये आयोवातल्या फोर्ट डी मॉईन या तळावर पहिल्या ४४० उमेदवार दाखल झाल्या. गणवेश लागणार होता हजारोंनी, तोही ताबडतोब. कोटांचं काम गेलं पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांकडे, कारण सैन्याच्या कोटाची शिलाई त्यांना येत होती. त्यांनी कोट शिवले ते त्यांच्या हाताला वळण होतं तसेच. कॉलर रुंद, नितंबापाशी तंग, छातीला जागा अपुरी. अनेकींना तो कोट पुन्हा शिंप्याकडे न्यावा लागला.

त्या कोटाची बटणं जवळून पाहण्यासारखी आहेत. ती प्लॅस्टिकची होती आणि त्यांवर लष्कराचा गरुड नव्हता. लष्कराचं चिन्ह असलेला गरुड मिरवण्याचा हक्क लष्करात असलेल्यांना. या बायका तर साहाय्यक. म्हणून त्यांच्या बटणांवर आणि टोपीवर वेगळा, साधासा गरुड काढला गेला, ज्याला त्या स्वतः ‘चालणारं गिधाड’ म्हणू लागल्या. इंच-अर्ध्या इंचाच्या त्या चकतीवर कायद्यातला सगळा फरक उतरला होता. युद्धासाठी घर सोडलेली, कवायत करणारी, हुकूम पाळणारी बाई, आणि तिच्या बटणावर लिहिलेलं की ही आमची नव्हे. १ जुलै १९४३ रोजी नव्या कायद्यावर सही झाली, ‘साहाय्यक’ शब्द गेला, दल लष्कराचा भाग झालं आणि मग खरा गरुड मिळाला. मधल्या काळात त्यांच्या चारित्र्याविषयी देशभर इतक्या गलिच्छ अफवा पसरल्या होत्या की सरकारला चौकशी करावी लागली. चौकशीत अफवांना आधार सापडला नाही. त्या बऱ्याच अंशी आपल्याच सैनिकांकडून पसरल्या होत्या, हे मात्र निघालं.

पहिल्या कोटाला कापडी पट्टा होता, तो काही महिन्यांतच काढून टाकला गेला. नव्या हिरव्या कोटाला पट्टा आहे. म्हणजे ज्या तपशिलाला आज ‘जुन्याची आठवण’ म्हटलं जातं, तो स्त्रियांच्या कोटावर १९४२ मध्ये थोडेच दिवस टिकला होता. परंपरा म्हणून जे परत येतं ते पुष्कळदा असं निवडून आणलेलं असतं. निवडण्यात काही वाईट नाही. कोण निवडतं आणि कोणासाठी, एवढं मात्र विचारलं पाहिजे.

लॅपलवर या दलाने जे चिन्ह घेतलं ते होतं पॅलास अथेना. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या देशाच्या सैन्यात हजारो स्त्रिया एका ग्रीक देवतेचं मस्तक छातीशी लावून वावरत होत्या. अथेना युद्धाची देवी आणि शहाणपणाचीही, शिवाय विणकामाची. कथेप्रमाणे ती झ्यूसच्या मस्तकातून चिलखतासह बाहेर आली, म्हणजे तिला गणवेश कोणी दिला नाही, ती जन्मली तीच त्यात. मर्त्य स्त्रियांना ते भाग्य नाही. त्यांना तो मागावा लागतो, कधी स्वतःच घालावा लागतो, आणि कधी त्यासाठी मरावं लागतं.

फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या बाजारचौकात हे घडलं. जोन ऑफ आर्क १४२९ साली इंग्रजांशी लढण्यासाठी व्होकुलर गावातून फ्रान्सच्या राजाकडे निघाली तेव्हा गावकऱ्यांनी तिला पुरुषी कपडे शिवून दिले. घोड्यावरचा प्रवास, आसपास शत्रूचा मुलूख, सोबत पुरुष सैनिक. दुसरा कोणता पोशाख चालला असता? पकडली गेल्यावर इंग्रजांच्या ताब्यातल्या रुआँमध्ये तिच्यावर धर्मन्यायालयात खटला चालला. आरोपांत दिव्य आवाज ऐकण्याचा दावा होता, आणि पोशाखही होता, वारंवार. बायबलच्या अनुवाद ग्रंथात बाविसाव्या अध्यायात स्त्रीने पुरुषाचं वस्त्र घालू नये असा निषेध आहे, त्याचा आधार न्यायाधीशांपाशी होता. त्यांच्याच परंपरेत याचं उत्तरही होतं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवलं होतं की गरज पडली तर, उदाहरणार्थ शत्रूपासून लपण्यासाठी, स्त्रीने पुरुषाचा पोशाख घालण्यात पाप नाही. न्यायाधीशांना ते माहीत नसेल असं मानणं कठीण आहे. २४ मे १४३१ रोजी जोनने दबावाखाली माफी मागितली आणि बाईचा पोशाख घेतला. चार दिवसांनी ती पुन्हा पुरुषी कपड्यांत आढळली. याला ‘पुन्हा पाखंडात पडणं’ ठरवून ३० मे रोजी तिला जिवंत जाळलं. १४५६ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, १९२० मध्ये चर्चने तिला संत म्हणून घोषित केलं. कपड्यांसाठी जाळलेल्या बाईला चर्चने नमस्कार करायला जवळजवळ पाचशे वर्षं घेतली.

आता त्याच चौकात २७ मे १९४५. युरोपातलं युद्ध संपून तीन आठवडेही झालेले नाहीत. जोनच्या सन्मानार्थ संचलन आहे आणि त्यात चालत आहेत अमेरिकी लष्कराच्या स्त्रिया, सगळ्या कृष्णवर्णीय. ६८८८ क्रमांकाची ही टपाल पलटण. सुमारे ८५० जणी, नेतृत्व मेजर चॅरिटी ॲडम्स यांचं. फेब्रुवारीत त्या इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला उतरल्या तेव्हा सैनिकांच्या पत्रांचे आणि पार्सलांचे ढीग छतापर्यंत पोचले होते. हवाई हल्ल्यांच्या भीतीने खिडक्या काळ्या केलेल्या, इमारतीत ऊब नाही, पार्सलांतल्या खाऊवर उंदीर. दिवसाचे तीन पाळ्यांत भाग करून त्यांनी सैनिकांच्या नावाची लाखो कार्डं तयार केली, एकाच नावाचे शेकडो शिपाई क्रमांकावरून वेगळे काढले, आणि सहा महिन्यांचं मानलं गेलेलं काम सुमारे तीन महिन्यांत संपवलं. आकडा सांगितला जातो तो १ कोटी ७० लाख टपालांचा. तिथून त्या रुआँला आल्या.

त्या संचलनाचं छायाचित्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. टोप्या एका रेषेत, कोट इस्त्रीचे. ज्या सैन्याचा गणवेश त्यांच्या अंगावर होता, त्या सैन्यात त्यांची जेवणाची आणि राहायची सोय वेगळी होती, फक्त वर्णामुळे. जुलैमध्ये पलटणीतल्या तिघी रस्त्यावरच्या अपघातात गेल्या. त्या आज नॉर्मंडीच्या अमेरिकी दफनभूमीत आहेत, जिथे नऊ हजारांहून अधिक थडग्यांत स्त्रियांची थडगी अवघी चार आहेत. युद्ध संपलं, पलटण विसर्जित झाली, कोणी वाजतगाजत स्वागत केलं नाही. अमेरिकी काँग्रेसचं सुवर्णपदक त्यांना द्यायचं ठरलं ते २०२२ मध्ये.

२०१८ चा हिरवा कोट महायुद्ध जिंकणाऱ्या ‘महान पिढी’चा वारसा सांगतो, तेव्हा या पलटणीला त्या पिढीत धरलं आहे का, हे विचारणं म्हणूनच भाग आहे. आणि उत्तर सोपं नाही. मूळ पोशाख अधिकाऱ्यांचा, आणि स्त्रियांच्या कोटाचा काप त्याहून वेगळा. ज्या आकृतीचं पुनरुज्जीवन झालं ती या स्त्रियांची आकृती नव्हे. तरीही आज एखादी कृष्णवर्णीय स्त्री सार्जंट हा कोट घालते तेव्हा तिच्या मागे उभं कोण राहतं? मार्शल की ॲडम्स? माझं म्हणणं असं, की ॲडम्स. कारण वारसा मिळाला म्हणून त्या पलटणीने काम केलं नाही. हक्क अर्धवट असताना त्यांनी तो कोट पूर्णपणे वागवला, आणि अशा वागवण्यातूनच कोट कोणाचा हे ठरतं.

असं घडल्याची सर्वांत स्पष्ट कथा बौद्ध विनयपिटकात आहे. बुद्धाची मावशी आणि पाळणारी आई महाप्रजापती गोतमी हिने स्त्रियांना संघात घ्यावं म्हणून कपिलवस्तूला तीनदा विनंती केली. तिन्ही वेळा नकार आला. मग तिने केस कापले, काषाय वस्त्रं, म्हणजे भिक्षूंचं चीवर, घातली आणि अनेक शाक्य स्त्रियांसह वैशालीपर्यंत पायी गेली. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेलं, अशी ती दाराबाहेर रडत उभी राहिली. बुद्धाचा शिष्य आनंद याने तिला पाहिलं, तिची बाजू मांडली आणि मग परवानगी मिळाली, आठ कडक नियमांसह. कथेतला क्रम महत्त्वाचा आहे: चीवर आधी, संघ नंतर. ज्या वस्त्राचा हक्क तिला कोणी दिला नव्हता ते अंगावर घालूनच ती हक्क मागायला गेली. ही तीच गोतमी, जिने स्वतःच्या हाताने सूत कातून, विणून बुद्धासाठी वस्त्राची जोडी केली होती, असं मज्झिम निकायातली दुसरी एक कथा सांगते. वस्त्र म्हणजे काय हे तिला शिकवायची गरज नव्हती.

संघात स्त्रिया आल्यावर चीवराचा नियमही बदलला. भिक्षूला तीन वस्त्रं: संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक. भिक्षुणीला पाच. वाढलेल्या दोनांत एक स्नानाचं, उदकसाटिका. दुसरं संकच्चिका, म्हणजे छाती झाकणारं, काखेखालून बांधायचं वस्त्र. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संन्याशांनाही स्त्रीच्या देहाचं माप घ्यावं लागलं. मगधातल्या भातखाचरांसारखे बांधाबांधाचे तुकडे जोडून आनंद याने बेतलेलं चीवर सर्वांना सारखंच राहिलं, आणि त्याखाली एक वस्त्र केवळ तिच्यासाठी आलं. त्यामुळे भिक्षुणी कमी भिक्षुणी झाली नाही.

पुढे श्रीलंकेच्या थेरवादी परंपरेत अकराव्या शतकाच्या सुमारास भिक्षुणीसंघ लोपला. परंपरा सांगते की भिक्षुणीची दीक्षा द्यायला भिक्षुणीच हव्यात. ज्योत विझली तर पेटवायची कशाने, असा तो पेच. पण पाचव्या शतकात श्रीलंकेहून भिक्षुणी समुद्रमार्गे चीनला गेल्या होत्या, तिथे त्यांनी दीक्षा दिल्या होत्या, आणि ती शाखा पूर्व आशियात जगली होती. डिसेंबर १९९६ मध्ये सारनाथला कोरियन भिक्षुणींच्या मदतीने श्रीलंकेच्या स्त्रियांनी दीक्षा घेतली. १९९८ मध्ये बोधगयेला मोठा दीक्षाविधी झाला. जवळजवळ हजार वर्षांनी ते चीवर थेरवादी स्त्रीच्या अंगावर परत आलं. अनेक ज्येष्ठ थेरवादी भिक्षूंना ते आजही मान्य नाही. त्यांचं म्हणणं, मध्ये धागा तुटला. थायलंडमध्ये तर १९२८ मध्ये दोघी बहिणींनी चीवर धारण केलं म्हणून त्यांना अटक झाली आणि ती वस्त्रं उतरवायला लावली गेली. धागा तुटला म्हणणाऱ्यांना विचारायला हवं, की तो तोडला कोणी आणि राखला कोणी. हजार वर्षं परक्या भाषेत, परक्या देशांत तो स्त्रियांनीच राखला.

महाराष्ट्राला हे सगळं दूरचं वाटू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी आणि लाखो अनुयायांनी धम्मदीक्षा घेतली. लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते, बायका पांढऱ्या लुगड्यांत. उपासकाचं पांढरं वस्त्र ही जुनी बौद्ध खूण. दीक्षेत त्रिशरण आणि पंचशील होतं, ते अडीच हजार वर्षांचं. आणि बावीस प्रतिज्ञा होत्या, त्या बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या. भारतातून जवळपास पुसला गेलेला धम्म त्यांनी परत आणला तो जसाच्या तसा नव्हे. आपल्या लोकांच्या वाट्याला काय आलं होतं हे पाहून त्यांनी तो त्यांच्या मापाने बेतला. ज्यांना कोणत्याही मंदिराने वारस मानलं नव्हतं, त्यांनी एक प्राचीन वारसा हक्काने उचलला आणि उचलताना त्याची शिवण बदलली. तो त्यांचा झाला की नाही, हे विचारायला आज नागपूरच्या दीक्षाभूमीवर जावं, दसऱ्याला.

स्त्रियांसाठी वेगळ्या बेतलेल्या गणवेशाविरुद्ध एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: वेगळा काप म्हणजे भेद. समान वागणूक हवी असेल तर कोटही एकच हवा. अमेरिकेत वेगवेगळ्या दलांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली. २०१५ मध्ये नौदलाचे सचिव रे मेबस यांनी स्त्री नौसैनिकांना पुरुषांसारखाच, मागे चौकोनी कॉलर असलेला पारंपरिक निळा पोशाख द्यायचं ठरवलं. मरीन दलाने स्त्रियांच्या निळ्या कोटाचे लॅपल काढून पुरुषांसारखी उभी कॉलर दिली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅरिस आयलंडच्या तळावरून त्या कोटात पहिल्या तुकडीने दीक्षान्त संचलन केलं. उभी कॉलर ही मरीनची ओळख. इतकी वर्षं ती स्त्रियांना नव्हती, म्हणजे त्यांची ओळखच त्यांना दिलेली नव्हती. ती दिली हे चांगलं झालं. पण कॉलर सारखी झाली तरी तिच्या आतला गळा मोजावाच लागतो. बाहेरची रेषा एक आणि आतली शिवण प्रत्येकीची, हाच न्याय्य काप. पुरुषांचा कोट लहान करून स्त्रीला चढवणं ही समता नाही, तो १९४२ च्या कारखान्याचा आळस आहे.

लष्कराच्या नियमपुस्तकात हे एका ठिकाणी फार सहज मान्य झालेलं आहे. पुरुषांच्या कोटावर पदकांच्या रंगीत पट्ट्या डाव्या खिशाच्या वरच्या कडेला धरून लावतात. खिसा हेच माप. स्त्रियांच्या निळ्या कोटाला छातीवर तो खिसा नव्हता. मग नियम असा केला, की उजवीकडे नावाची पट्टी सर्वांत वरच्या बटणाच्या एक ते दोन इंच वर लावायची आणि डावीकडच्या पट्ट्या तिच्या रेषेत. आणि पुढे एक मुभा, की ज्याच्या-त्याच्या अंगाप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे करता येईल. ज्या संस्थेत टोपी किती बोटं वर हेही ठरलेलं असतं, तिने इथे देहांचं वेगळेपण लिखित स्वरूपात मान्य केलं. शिस्त त्यामुळे ढासळली नाही.

धर्माच्या बाबतीत हाच धडा जास्त कष्टाने शिकावा लागला. हवाई दलातले मानसशास्त्रज्ञ कॅप्टन सिम्का गोल्डमन हे ऑर्थोडॉक्स ज्यू, गणवेशावर डोक्याला यार्मुल्का ही छोटी धार्मिक टोपी घालायचे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. एकसारखेपणा हवा की नको हे सैन्याने ठरवावं, असा त्याचा रोख. पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून नीटनेटक्या धार्मिक वस्त्राला मोकळीक दिली. शीख सैनिकांना पगडी आणि दाढीसाठी त्यानंतरही झगडावं लागलं. कॅप्टन सिमरतपाल सिंग यांनी लष्कराविरुद्ध खटला भरला, आणि जानेवारी २०१७ च्या आदेशाने पगडी, दाढी, हिजाब यांना परवानगी देण्याची रीत ठरली. म्हणजे हिरवा कोट आला तेव्हा त्यावर पगडी चढायची वाट आधीच मोकळी झालेली होती. ईश्वरापुढची निष्ठा आणि देशापुढची निष्ठा एकाच अंगावर, एकाच वेळी मावते, हे ज्यांनी सिद्ध केलं त्यांनी गणवेशाचं नुकसान केलं नाही.

आणि हे सगळं नवं आहे असंही नाही. रुआँच्या त्या संचलनानंतर काही दिवसांतच, जून १९४५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या रोझाइथच्या नौदल तळावर सेकंड ऑफिसर कल्याणी सेन यांचं छायाचित्र काढलं गेलं. भारतीय नौदलाच्या स्त्री शाखेच्या त्या अधिकारी, आणि अंगावर नौदलाचा गणवेश म्हणून साडी. शेजारी ब्रिटिश अधिकारी मार्गारेट कूपर कोट-स्कर्टमध्ये. एकाच दलाच्या दोघी अधिकारी, दोन पोशाख, आणि दोन्ही पूर्ण गणवेश. गणवेश म्हणजे एकच काप, हा समज ज्यांच्या मनात पक्का आहे त्यांनी हे छायाचित्र पाहावं.

व्हर्जिनियातल्या फोर्ट ली या तळावर लष्कराच्या पुरवठा विभागाची शाळा आहे आणि स्त्री सैनिकांच्या इतिहासाला वाहिलेलं लष्कराचं संग्रहालयही तिथेच आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्या तळाला जनरल आर्थर ग्रेग आणि चॅरिटी ॲडम्स या दोघांचं नाव दिलं गेलं. २०२५ मध्ये ते काढलं आणि तळ पुन्हा फोर्ट ली झाला, या वेळी वेगळ्या ली यांच्या नावाने. त्याच २०२५ च्या एप्रिलमध्ये ६८८८ पलटणीला सुवर्णपदक प्रदान झालं, तेव्हा ते घ्यायला तिच्यातल्या फारच थोड्या जणी हयात होत्या. नावं दिली जातात तशी काढलीही जातात. कोट मात्र २०२७ पर्यंत प्रत्येक स्त्री सैनिकाच्या कपाटात पोचलेला असेल. तो हाती देताना महायुद्धाची गोष्ट सांगितली जाणारच. तिच्यात आयझेनहावर यांच्या बरोबरीने बर्मिंगहॅमच्या काळ्या खिडक्यांमागे पत्रं लावणाऱ्या त्या स्त्रियाही हव्यात, आणि त्यांच्या आधीच्यांना पहिल्या कोटावर लष्कराचा गरुड का मिळाला नव्हता, हेही सांगितलं गेलं पाहिजे.